आधी नेटवर्कने ओळख पटवावी

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या एका वाचकाचे पत्र गेल्या महिन्यात आले. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात त्यानेच वायफाय बसवून दिले आहे. एक दिवस मालकाचा फोन आला: ‘गिऱ्हाईक म्हणते, लॉगिनचे पान आपलेच दिसते, पण ओटीपी टाकल्यावर एटीएम कार्डाचा नंबर मागते.’ वाचक लॅपटॉप घेऊन तिथे गेला आणि स्कॅन लावला. हॉटेलच्या नावाची दोन नेटवर्क दिसली. त्याचे स्वतःचे चॅनेल ६ वर होते. दुसरे चॅनेल ११ वर होते आणि त्याच्या बीएसएसआयडीचे पहिले तीन बाइट भलत्याच कंपनीचे होते. शिवाय हॉटेलच्या एपीचा पत्ता लावून डीऑथ फ्रेमचा मारा चालू होता. गिऱ्हाइकाचा फोन खऱ्यावरून सुटत होता आणि खोट्यावर जाऊन बसत होता.

त्याने कॅप्चर फाइल जपून ठेवली आणि तक्रार द्यायला गेला. समोरून विचारले गेले, ‘कोणाचे पैसे गेले?’ तो म्हणाला, ‘अजून कोणाचे नाही.’ उत्तर मिळाले, ‘मग गेल्यावर या.’ दुसऱ्या कार्यालयाने विषय दूरसंचारचा ठरवला, तिसऱ्याने पोलिसांचा. चौथ्या दिवशी ते नेटवर्क हवेतून नाहीसे झाले.

या पत्राने आम्ही अस्वस्थ झालो, कारण दोष एका टेबलावरच्या माणसाचा नाही. 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी पाठवलेले ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे निघाले. त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला: वापरणाऱ्याची ओळख घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा किंवा मोबाइलवर एसएमएसने लॉगिन द्या. तो आदेश योग्यच होता, पण त्याला एकच बाजू होती. तेव्हापासून गिऱ्हाईक नेटवर्कला ओळख देते. नेटवर्कने गिऱ्हाइकाला ओळख पटवावी, असे कोणी म्हणालेच नाही. दिसेल त्या पानावर नंबर आणि ओटीपी टाकायचा, ही सवय आपल्याच पोर्टलनी लोकांना लावली. चोर त्याच सवयीवर जगतो.

सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना 6 तासांत कळवायची आणि लॉग 180 दिवस ठेवायचे. दूरसंचार विभागाचे ‘चक्षू’ संशयास्पद कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप कळवण्यासाठी आहे. 1930 हा हेल्पलाइन क्रमांक पैसे गेल्यावर धावून येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 डी तोतयेगिरीला 3 वर्षांपर्यंत कैद सांगते. एवढे सगळे असताना, पैसे जाण्याआधी पुरावा घेऊन आलेल्या तंत्रज्ञाची नोंद घेणारी एक खिडकी वर्धा जिल्ह्यात असू नये? जिल्हा प्रशासनाने आणि सायबर पोलिसांनी एक अर्ज ठरवावा: जागा, वेळ, एसएसआयडी, बीएसएसआयडी, चॅनेल, कॅप्चर फाइल. त्यावर पोच द्यावी. यापेक्षा जास्त आमचे मागणे नाही.

आता आपल्याबद्दल, म्हणजे वायफाय बसवणाऱ्यांबद्दल. बीकन फ्रेमवर सही नसते. नाव कोणीही लावू शकतो आणि मॅक पत्ताही उसना घेता येतो. त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन सारखी नावे दिसली की पुष्कळदा मालकाच्या पुतण्याने लावलेला रिपीटर निघतो. सुरक्षेचा प्रकार, चॅनेल, बीकन इंटरव्हल, टीएसएफ घड्याळाची चाल, सिक्वेन्स नंबरमधल्या उड्या आणि सिग्नलची जागा हे सगळे ताडून पाहा, मगच बोला. आणि खोटा एपी सापडला म्हणून त्याच्यावर उलट डीऑथ सोडू नका. पाहुण्यांचे हॉटस्पॉट असेच पाडले म्हणून अमेरिकेत मॅरियट हॉटेल कंपनीला 2014 मध्ये 6 लाख डॉलर भरावे लागले. आपले काम शोधण्याचे आणि कळवण्याचे आहे.

आपल्यातल्या काही जणांना स्पष्ट सांगणे भाग आहे. मेनूकार्डावर पासवर्ड छापला म्हणजे नेटवर्क सुरक्षित झाले नाही; तो पासवर्ड चोरालाही वाचता येतो. ओडब्ल्यूईने हवेतला डेटा झाकला जातो, एपी खरा आहे की नाही ते कळत नाही. खोटे डीऑथ रोखणारे 802.11w, म्हणजेच पीएमएफ, 2009 पासून आहे, तरी ‘जुने फोन जोडले जात नाहीत’ म्हणून ते बंद ठेवणारे आपल्यात आहेत. त्याहून वाईट म्हणजे, महाविद्यालयात 802.1एक्स बसवून विद्यार्थ्यांना ‘सर्टिफिकेट तपासू नका’ हा पर्याय निवडायला शिकवणारे. अँड्रॉइड 11 पासून गूगलने तो पर्याय काढायला घेतला, आपण मात्र जुन्या फोनवर तो शोधून देतो. खरा एपी ओळखण्याचे सर्वांत भक्कम साधन आपल्याच हाताने फेकून देण्याचा हा प्रकार आहे. तो आजच थांबवा.

पीएम-वाणीच्या रचनेत ॲप केंद्रीय नोंदवहीशी ताडून हॉटस्पॉट दाखवते. आपल्या जिल्ह्यात ते काम आपण हाताने सुरू करू. या महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने आपण बसवलेल्या प्रत्येक एपीचे नाव, बीएसएसआयडी, चॅनेल आणि जागा वहीत उतरवावी. दारावर पाटी लावावी: ‘आमच्या वायफायचे नाव हे. आम्ही कार्डाचा नंबर कधीही मागत नाही.’ मग महिन्यातून एकदा वर्धा, सेवाग्राम, आर्वी, हिंगणघाट, जिथे तुमचे काम आहे तिथे अर्धा तास स्कॅन करून वहीशी ताडा. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात मात्र स्कॅनर उघडू नका.

वेगळे काही दिसले तर आमच्याकडे पाठवा. नोंदी घेऊन आम्ही स्वतः त्या टेबलासमोर जाऊन उभे राहू. हिंगणघाटचा आपला माणूस तीन दारांतून एकटा परत आला. पुढच्या वेळी त्याच्यासोबत आठही तालुक्यांच्या वह्या असू द्या.