म्हाताऱ्या आईबापांसाठी रजा कुठे आहे?



कुटुंबसंस्था मोडत चालली, अशी ओरड व्यासपीठावरून फार ऐकू येते. आमचे म्हणणे वेगळे आहे. लहानांना वाढवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, म्हाताऱ्यांचा सांभाळ ही कामे आजही कुटुंबच करते. त्यासाठी लागणारा वेळ मात्र नोकरीने काढून घेतला आहे. दिल्लीत ड्युटी करणाऱ्या मराठी रेल्वे किंवा टपाल कामगाराचे आईवडील भुसावळला, नाहीतर मनमाडला असतात. वडील पडले, असा फोन आला की तो पंजाब मेल गाठतो आणि गाडीत बसून शिल्लक रजा मोजतो.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला. त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ठीक आहे. पण कर्तव्य लादणारे हेच सरकार मालक म्हणून काय देते? जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत हा प्रश्न आला. उत्तर मिळाले, की वर्षाची ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धपगारी रजा आणि किरकोळ रजा आहेतच, त्या आईवडिलांसाठीही वापरता येतात. म्हणजे नवे काहीच नाही! रेल्वेत जिला आपण एलएपी म्हणतो, ती साठवली तर निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत तिचे पैसे मिळतात. ती आईच्या खाटेशी खर्च करणारा कामगार शुश्रूषेचा एकेक दिवस स्वतःच्या खिशातून भरत असतो. ग्रामीण डाकसेवकाला तर एवढ्याही रजा नाहीत.

मुलांच्या बाबतीत सरकारला हे पटले होते. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ पासून महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली, पुढे एकट्या पुरुष पालकांनाही मिळाली. त्याने गाड्या काही थांबल्या नाहीत.

तेव्हा आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी वेगळ्या पगारी रजेची मागणी प्रत्येक शाखेने ठराव करून पाठवावी. ठरावात सासू-सासऱ्यांचा उल्लेख विसरू नका. २००७ च्या कायद्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी आणि नातवंडे. सुनेचे नाव त्यात नाही. पथ्याचे जेवण, औषधांच्या वेळा, रात्रीचे जागरण मात्र बहुतेक घरांत तिच्याकडेच असते. आणि आज आपल्या सभासदांत ट्रॅकवर, केबिनमध्ये, टपालाच्या खिडकीवर आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या सुनाही आहेत.