सामानालाही हवा पट्टा

गणेशोत्सवासाठी गावी निघताना आपण गाडीचे टायर तपासतो, मुलांना उलटी होऊ नये म्हणून आल्याच्या वड्या बरोबर घेतो. सामान मात्र जागा दिसेल तिथे कोंबतो. गेल्या वर्षी घाटाच्या उतारावर आमच्या गाडीत पाण्याची स्टीलची बाटली घरंगळत आली आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकली. शेजारी बसलेल्या मुलीने वाकून ती ओढून काढली, तोवर पुढचा ट्रक अगदी जवळ आला होता.

गाडी अचानक थांबली, तरी आतील मोकळी वस्तू थांबत नाही. ती गाडीच्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी 50 किलोमीटर वेगाने डोक्यावर आदळणारी बाटली म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडलेली बाटली होय. म्हणूनच मागच्या काचेखालील फळीवर डबा, छत्री वा देवपूजेची समई कधीही ठेवू नये.

साधने निवडताना दिखाव्यापेक्षा पकड पाहावी. डिकीत कप्पे असलेली, तळाला रबर असलेली पेटी घ्यावी. घडी होणारी असल्यास एरवी जागा अडत नाही. नारळ, तांदळाची पिशवी, कुकर असे जड सामान सर्वांत खाली, मागील आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावे. ते बांधण्यासाठी बकलचा विणलेला पट्टा वापरावा आणि तो डिकीतील कड्यांत अडकवावा. लवचीक दोरी ताणली जाते. ती हलक्या पिशव्यांपुरतीच ठीक. वरच्या सामानावर जाळी घालावी. आसनामागे टांगायच्या कप्प्यांत रुमाल, टोपी अशा मऊ वस्तूच ठेवाव्यात, कारण समोर मुलांची डोकी असतात.

प्रथमोपचार पेटी हाताशी, पण झिप लावलेल्या कप्प्यात असावी. इन्सुलिन मात्र डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नये; बंद गाडीच्या उष्णतेने ते निकामी होऊ शकते. ते उष्णतारोधक पिशवीत घालून, उतरताना आपल्याबरोबरच न्यावे.

सामान भरून झाले, की मोकळ्या रस्त्यावर संथपणे गाडी चालवून एकदा ब्रेक लावून पाहावा. मागून खडखडाट ऐकू आला, तर बांधणी पुन्हा करावी. एवढ्या संथ वेगात जे हलते, ते घाटात जागेवर राहणार नाही.