बोटभर माशाची दीड फूट हौस

शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवतो, म्हणून घरोघरच्या काचपेटीत सकर मासा येतो. घेताना तो बोटभर असतो. पुढे दीड फुटापर्यंत वाढतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही. दक्षिण अमेरिकेच्या या पाहुण्यास चारशे लिटरची टाकी आणि आठवड्यास शंभरेक लिटर ताजे पाणी हवे. उन्हाळ्यात घागरी मोजणाऱ्या मुरुमसारख्या गावी ते आणायचे कोठून? मग मालक भूतदयेने त्यास तळ्यात सोडतो. ही दया घातकी आहे. उजनी जलाशयात याच माशाचे काटे मच्छीमारांची जाळी फाडतात, आणि बाजारात त्यास गिऱ्हाईक नाही. पूर्ण वाढीची लांबी सांगण्याची व नकोसा मासा परत घेण्याची सक्ती दुकानदारावर हवी.