घोडीला बुंदी नको, गाजर द्या

लग्नसराईत कनेरगाव नाक्यावरून वाशीमच्या रस्त्याला माझी घोडी वरातीत निघाली, की माझा जीव टांगणीला लागतो. लोक मायेनंच पेढा, बुंदी, मूठभर कोरडे हरभरे तिच्या तोंडात कोंबतात. दोन वर्षांपूर्वी असंच झालं. रात्री ती पुढच्या खुरानं जमीन उकरायची, वळून वळून पोटाकडं बघायची. अंग घामानं निथळत होतं. पोटशूळ! घोड्याला उलटी होत नाही, गेलेलं बाहेर पडत नाही. डॉक्टर पहाटेपर्यंत बसून राहिले, म्हणून वाचली.

तेव्हापासून तिचा खाऊ मी घरीच करतो. किसलेलं गाजर, गव्हाचा कोंडा, चमचाभर जवसाची पूड, चिमूटभर मीठ, सुपारीएवढा गूळ. पाण्याचा हात लावून मळायचं, तव्यावर छोट्या टिक्क्या भाजायच्या, गार करायच्या. दिवसाला दोन, बास. पोट भरायचं ते गवतानं आणि कडब्यानंच.

माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना आपण दात, चाल, भोवरे बघतो. तो काय खातो, हे फार थोडे विचारतात. हे बदलायला हवं.

वरातीत घोडीला काही द्यावंसं वाटलंच, तर आधी मालकाला विचारा. आणि गाजर उभं चिरून द्या. गोल चकत्या घशात अडकतात.