गाडी आधी इशारा देते

टॅक्सी-टेम्पोवर घर चालवणाऱ्या बांधवांनो, गाडीची वायरिंग सहसा एका रात्रीत बिघडत नाही. सकाळी सेल्फ मारताना इंजिन जड फिरले, तर बॅटरी उतरली समजा. नुसता 'टक' आवाज आला, तर आधी टर्मिनल पाहा. पांढरी-हिरवी बुरशी असेल, तर निगेटिव्ह तार अगोदर काढून ते साफ करा. कित्येकदा नव्या बॅटरीचा खर्च वाचतो. (तेव्हा जवळ बिडी नको, बॅटरीचा वायू पेट घेतो.) इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा विझत नसेल, हेडलाइट मंद होत असेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्या.

फ्यूज मात्र हसण्यावारी नेऊ नका. तोच तो फ्यूज उडतो म्हणजे बहुधा तार कुठेतरी घासून बॉडीला लागते आहे. काहीजण 10 अँपिअरच्या जागी 30 चा फ्यूज ठोकतात, नाहीतर तारेचा तुकडाच! मग फ्यूज शाबूत राहतो आणि तार पेटते. प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सर्वांना खाली उतरवा. धूर निघत असेल तर बॉनेट उघडू नका. दूर उभे राहून अग्निशमन दलाला 101 वर कळवा.