हँडब्रेकचे टक मोजा

आज संध्याकाळी गाडी लावाल तेव्हा एवढं करा. गाणी बंद करा, हँडब्रेक सावकाश ओढा आणि टक-टक मोजा. बहुतेक लहान गाड्यांत पाच ते आठ टकांत लिव्हर घट्ट झाली पाहिजे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदांखाली, बहुधा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असेल. दहा-बारा टक होऊनही लिव्हर हाताला मऊच लागत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आपल्यापैकी अनेकांचा खरा भरवसा गिअरवर असतो. ‘पहिल्यात टाकून ठेव, कुठे जातेय गाडी!’ सपाट गल्लीत हे खपून जातं. पण सोसायटीच्या तळघरात उतरणारा रॅम्प आहे, कोकणातल्या घरापुढची उतरती घाटी आहे, महाबळेश्वरला जेवायला थांबताना रस्त्याकडेला मिळालेली जागा आहे. गिअरमध्ये ठेवलेली गाडी इंजिनाच्या अडवणुकीवर उभी असते. मागच्या सीटवरचं पोर पुढे येऊन गिअरच्या दांड्याशी खेळलं की ती अडवणूक संपली. कायद्यानेही हे सोडलेलं नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 प्रमाणे परवानाधारक चालक सीटवर नसताना गाडी सार्वजनिक जागी उभी करायची, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा ती आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी सोय हवी.

आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. लिव्हर उचलली की तिच्या बुडाशी असलेल्या बटणामुळे तो लागतो. चाकं धरली गेली की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही. केबल तुटलेली असली तरी तो तितक्याच इमानाने लागेल.

आता माझी चूक सांगतो. आमच्या जुन्या गाडीचा हँडब्रेक ढिला झाला, तेव्हा मी जवळच्या एका गॅरेजात गेलो आणि म्हणालो, ‘जरा टाइट करून दे.’ पोऱ्याने लिव्हरभोवतीचं प्लास्टिक काढलं, दहाचा पाना लावला, नट चार-पाच फेरे आवळला. चहाच्या पैशांत काम झालं. लिव्हर तिसऱ्या टकाला ताठ! मी खूश. महिनाभरात गाडी ढकलायला जड वाटू लागली. पेट्रोलही जास्त खाऊ लागली, पण ते मी ट्रॅफिकच्या माथी मारलं. मग एकदा पन्हाळ्याहून कोल्हापुरात उतरलो, तर मागच्या डाव्या चाकापाशी जळका वास आणि हात जवळ नेताच धग. ड्रम काढला तेव्हा दिसलं की ब्रेक शूवरचे घासणारे थर, म्हणजे लायनर, झिजून पत्र्याला टेकायच्या बेतात आले होते. पोऱ्याने मी सांगितलं तेच केलं होतं. मी सांगितलं तेच चुकीचं होतं.

हाताला जाणवणारा ढिलेपणा बहुतेक वेळा चाकात जन्मलेला असतो. लिव्हरपासून एक सळई निघते, ती इक्वलायझर नावाच्या छोट्या पट्टीला ओढते आणि त्या पट्टीपासून दोन केबल दोन मागच्या चाकांकडे जातात. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असतात. केबल ओढली की ते बाहेर फाकून ड्रमला आतून दाबून धरतात. पायाचा ब्रेकही मागच्या चाकांत हेच शू वापरतो, फक्त त्यांना तेलाच्या दाबाने फाकवतो. लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला आत एक दातेरी पट्टी असते. बऱ्याच गाड्यांत ती पायाच्या ब्रेकने, काहींत हँडब्रेकने, एकेक दाता सरकते. केबल वरून जास्त ताणून ठेवली, की शूला जोडलेला आतला दांडा पूर्ण मागे येत नाही आणि दातेरी पट्टीचं सरकणंच थांबतं. लिव्हरखाली आवळलेला तो नट चाकात आपोआप होणारं काम बंद पाडतो.

म्हणून क्रम उलटा करू नका. आधी ड्रम उघडायचा, केबलला हात सगळ्यात शेवटी. पायाच्या ब्रेकचं पेडलही पूर्वीपेक्षा खाली जात असेल, तर केबलकडे बघूही नका. शूचं अंतर किंवा ब्रेक ऑइल, यांतच काहीतरी आहे. ऑइल कमी झालं असेल, तर नुसतं भरून पुढे जाऊ नका, ते कुठे गेलं ते शोधा.

घरी करण्याइतका हात चालत असेल तर करा, पण जागा सपाट आणि कडक हवी. मागची चाकं उचलायची म्हणजे हँडब्रेक सोडावा लागणार, हे लक्षात घ्या. म्हणजे त्या वेळी गाडीला धरून ठेवणारं फक्त पुढच्या चाकांना लावलेलं लाकूड. जाड फाटा हवा, दोन्ही बाजूंनी. पोकळ विटेचा भुगा होतो. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडीबरोबर मिळालेला कात्रीचा जॅक पंक्चरसाठी आहे. त्याने उचला आणि लगेच लोखंडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात, डोकं काही घालू नका. यात मी कोणाचीही हुशारी ऐकून घेणार नाही.

ड्रम अनेकदा जागेवर गच्च बसलेला असतो. हातोडीने कडा फोडण्याआधी ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं दिसतात का पहा. बऱ्याच गाड्यांत त्यांत आठ एमएमचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम सरकून बाहेर येतो. आतली काळी भुकटी हवेने उडवू नका आणि तोंडाने तर नाहीच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

मग बघा. लायनर किती उरलेत? कमीत कमी जाडी पुस्तिकेत किंवा गॅरेजच्या माहितीपत्रकात असते, आणि त्याच्या जवळ आले असतील तर दोन्ही चाकांचे एकदम बदला, एका बाजूचे नाही. लायनरवर तेलाचा ओलावा असेल, तर तेलाच्या दाबाने शू फाकवणारा व्हील सिलिंडर गळतोय. तिथे तुमचं काम संपलं, मेकॅनिकला बोलवा, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका. तेल प्यालेला लायनर घासून सुधारत नाही. सगळं ठीक असेल तर ड्रम लावून इंजिन चालू न करता पायाचा ब्रेक वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. ज्या गाडीत दातेरी पट्टी पेडलने सरकते, तिथे आतून बारीक टक ऐकू येतात. ते थांबले की अंतर भरलं. माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा हँडब्रेक इथेच जागेवर येतो आणि नटाला हात लावायची वेळच येत नाही.

तरीही टक जास्त लागत असतील, तर केबल. नट अर्धा अर्धा फेरा फिरवायचा, दर वेळी लिव्हर ओढून मोजायचं. पुस्तिकेतला आकडा आला की थांबा. लिव्हर पूर्ण खाली करून दोन्ही मागची चाकं हाताने फिरवून पहा. मोकळी फिरली पाहिजेत. घासत असतील तर जितकं आवळलं त्यातलं थोडं परत सोडा. इक्वलायझरची पट्टी तिरकी दिसली, तर एका बाजूची केबल गंजून अडकली आहे किंवा ताणली गेली आहे. कोकणात राहणाऱ्यांना हे जास्त भेटतं. अशी केबल तेल घालून चार दिवस चालते. ती बदलणंच बरं.

ज्यांच्या गाडीत लिव्हरऐवजी बटण आहे, त्यांनी यातलं काही घरी करू नये. तिथे मोटर चालते आणि ती मागे घ्यायची पद्धत ठरलेली असते. मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांची रचनाही वेगळी.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी दोन शब्द. ‘पी’ असलेल्या गाडीत पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक ओढा, मग ‘पी’, नाहीतर उतारावर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं. 2014 मध्ये आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांत तर सहसा ‘पी’ नसतोच. तिथे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं, आणि हँडब्रेक अजिबात विसरायचा नाही.

पावसाळ्यात मात्र माझा सल्ला उलटा. गाडी धुऊन किंवा भिजून आली आणि तुम्ही पंधरा दिवस गावाला निघालात, तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअर आणि चाकांना लाकूड, एवढ्यावर ठेवा. ओल्या ड्रमला शू गंजाने चिकटतात. परतल्यावर चाक हलत नसेल तर जोरात क्लच सोडू नका. हळूहळू पुढे, हळूहळू मागे, ‘टण्’ असा आवाज येऊन सुटतं.

काम झाल्यावर परीक्षा घ्या. पायथ्याशी मोकळं मैदान असलेला मंद उतार शोधा, पोराबाळांपासून लांब. पायाचा ब्रेक दाबून गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि मग पाय अलगद उचला, पण पेडलच्या वरच ठेवा. एकदा तोंड चढाकडे, एकदा उताराकडे करून बघा. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो आणि तोंड उताराकडे असलं की वजन पुढे झुकतं, त्यामुळे एका दिशेला धरणारी गाडी दुसऱ्या दिशेला सरकू शकते. सरकली तर नटाकडे जाऊ नका, ड्रम परत उघडा. धरली तर त्या दिवशीचे टक आणि तारीख पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी मोजाल तेव्हा ताडून बघायला काहीतरी असेल.