ओरखड्याचा दावा

सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली. रंगकाम अडीच हजारांचे. हक्काचे पैसे का सोडा, म्हणून मी विम्याचा दावा केला. हजाराची सक्तीची कपात वजा जाऊन हाती दीड हजार आले! पुढच्या वर्षी पाहतो तर पाच वर्षे दावा न करता कमावलेली ५० टक्के सवलत शून्यावर.

ही सवलत गाडीची नव्हे, मालकाची असते. गाडी विकताना तिचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. नव्या गाडीला ती चालते. मुदत उलटून ९० दिवस गेले, की मात्र बुडते. थर्ड पार्टीचा दर सरकारी, तिथे घासाघीस नाही. आणि गाडीची किंमत कमी दाखवून हप्ता उतरवणाऱ्या एजंटाचे ऐकू नका. चोरी झाली, तर तेवढ्यावरच भागवावे लागेल.